२७.५ की २९? सातारच्या डोंगरवाटांसाठी चाक कुठलं घ्यावं

निशिगंध

नमस्कार मंडळी,

सायकल बदलायची आहे. सध्या एक जुनी २६ इंची (म्हणजे चाकाचं माप) एमटीबी, डोंगरवाटांची सायकल आहे, पुढे सस्पेंशन, मागे काही नाही. साताऱ्यातली आणि पुण्यातली दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच पालुपद: "मॅडम, २६ आता कोणी घेत नाही, २९ घ्या." एकाने २७.५ दाखवली, पण त्याच्याकडे तेवढीच शिल्लक होती म्हणून दाखवली असा मला दाट संशय आहे.

माझी उंची ५ फूट २ इंच. रोजचं चालवणं म्हणजे पोवई नाक्यावरून बोगदा आणि पुढे सज्जनगडाच्या फाट्यापर्यंत. सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला. पण मला खरी मजा डांबर सुटल्यावर येते. चाळकेवाडीच्या सड्यावरचे (कातळाच्या पठारावरचे) पवनचक्क्यांचे कच्चे रस्ते, पाटेश्वरची वाट (पायऱ्या सोडून!), उरमोडीच्या काठचे बैलगाडीचे रस्ते. शर्यतीत वगैरे उतरायचं नाही. बजेट साठ हजारांच्या आत.

चाक मोठं झालं की हाताळणीत नक्की काय बदलतं? दोन्ही मापं चालवलेल्यांनी सांगा. "कुठलीही घे, पाय मारणं महत्त्वाचं" हे उत्तर मला घरूनच मिळालंय.

माहुलीकर

२९. डोळे झाकून.

सडाफटिंग

डोळे झाकून नको हो, चाळकेवाडीला कडा आहे. :)

मी त्याच सड्यावर आधी २६ आणि मग २९ चालवली. पावसाने मुरूम वाहून गेला की खालचा जांभा उघडा पडतो. त्याला मुठीएवढी, कधी वाटीएवढी भोकं असतात. २६ चं पुढचं चाक त्यात गचकन बसायचं. हँडलला धक्का, वेग अर्धा, की पुन्हा पहिल्यापासून जोर. २९ त्याच भोकांवरून पुढे निघून जाते. दिवस संपताना मनगटं सांगतात कुठली सायकल आणली होती ते.

आता दुसरी बाजू. ठोसेघरच्या अलीकडे एक ढोरवाट झुडपातून खाली उतरते, लागोपाठ आखूड वळणांची. तिथे २६ वर नुसती कंबर हलवली की काम व्हायचं. २९ ला वळण दिसायच्या आधीच बाहेरची बाजू धरून ठेवावी लागते, नाही तर थेट करवंदीच्या जाळीत. मला सड्यावर जास्त मजा येते म्हणून मी २९ ठेवली. माझा भाऊ ढोरवाटांवरचा माणूस, तो अजून २६ सोडत नाही.

मोजपट्टी

आधी मापं घ्या. रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास २६ चा ५५९ मिमी, २७.५ चा ५८४ आणि २९ चा ६२२. म्हणजे २७.५ बरोब्बर मध्ये नाही. २६ पेक्षा ती २५ मिमीने मोठी आणि २९ पेक्षा ३८ मिमीने लहान. मधला मार्ग म्हणून २७.५ घेणाऱ्यांची सायकल २६ च्याच जास्त जवळची असते.

२.१ इंच रुंदीचा टायर चढवला की २६ च्या चाकाची त्रिज्या साधारण ३३३ मिमी होते, २९ ची ३६४. आता १० सेमी उंचीचा दगड आडवा आला, तर २६ त्याला ४५.६ अंशांत भिडते, २९ ४३.५ अंशांत (कोन कमी तितका धक्का कमी). दोनच अंशांचा फरक. दगड ५ सेमीचा असेल तर दीडच अंश. फरक आहे, पण दुकानदार रंगवून सांगतात तेवढा नाही. सडाफटिंग यांच्या मनगटाला जे जाणवलं त्यात टायरची रुंदी आणि हवा यांचा बराच वाटा असणार. जुन्या २६ वर १.९५ चा टायर आणि ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), नव्या २९ वर २.३ चा टायर आणि ३० पीएसआय, अशी तुलना असेल तर तिच्यातून चाकाबद्दल काहीच कळत नाही.

सडाफटिंग

हवा ४५ होती. बाकी अर्धंच मान्य. तुम्ही दगडाचा हिशोब मांडलात, मी भोकाबद्दल बोलत होतो.

मोजपट्टी

घ्या भोकाचा. २० सेमी रुंदीच्या भोकात २६ चं चाक १५.४ मिमी खाली उतरतं, २९ चं १४ मिमी. नऊ टक्के कमी. हा फायदा निखळ चाकाचा, मान्य.

पावशेर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सायकलच्या धाग्यावर पायथागोरस भेटेल असं वाटलं नव्हतं.

धापा_टाकीत

मला २९ चढावर जड पडते, याचं कोणी बोलत नाही. जडत्व आघूर्ण (चाक फिरवायला होणारा विरोध) त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, एवढं इंजिनिअरिंगचं अजून लक्षात आहे. यवतेश्वरच्या घाटात शेवटच्या वळणांना जीव जातो.

मोजपट्टी

वर्गाने वाढतं हे खरं. पण सायकलचा वेग तोच असेल तर मोठं चाक सावकाश फिरतं, आणि तिथेही वर्गच येतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. रिममधल्या एका ग्रॅमला वेगात आणायला लागणारी ऊर्जा त्रिज्येवर अवलंबून नाही, मागे उरतं ते फक्त वजन. २९ चा परीघ २६ पेक्षा ११ टक्के जास्त, म्हणून रिम, टायर आणि ट्यूब साधारण तेवढीच जड. झाडीतल्या वाटेवर दर दहा पावलांवर थांबून पुन्हा वेग घ्यायचा असेल तर ते जाणवेल. घाटात आपण एका लयीत चढतो, तिथे पाठीवरचं दोन लिटर पाणी जास्त महागात पडतं.

तुमचा जीव घेतायत ते गिअर. पुढे ३२ दात आणि मागे ४२ असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात २६ जाते १.५९ मीटर आणि २९ जाते १.७४ मीटर. म्हणजे प्रत्येक गिअर नऊ-दहा टक्क्यांनी जड झाला. पुढची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) ३० दातांची लावून बघा, बरंचसं भांडण मिटेल.

धापा_टाकीत

म्हणजे आता चेनरिंगचा खर्च. बायकोने हा धागा वाचू नये म्हणजे मिळवली.

कृष्णाकाठ

आम्ही सांगलीचे. आमच्याकडे डोंगर म्हणजे दंडोबा, तोही मिरजेच्या पुढे जाऊन हुडकावा लागतो. बाकी सगळा ऊस. त्यामुळं आमचा प्रश्न चाकाचा कमी आणि चिखलाचा जास्त. काळं रान पावसात भिजलं की माती टायर सोडत नाही. आधी टायरवर थर चढतो, मग चिमट्यात (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांत) गोळा अडकतो, मग मागच्या नळ्यांत ठासून बसतो, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. सायकल खांद्यावर घेतली तर तीही दुप्पट जड. तुमच्या तांबड्या मातीचं बरं आहे, धुतली की जाते.

ताई, २९ घेताय तर मागच्या नळ्या आणि टायर यांच्यात बोट घालून बघा. स्वस्त फ्रेममध्ये मोठं चाक कोंबलेलं असतं आणि तिथं जागाच राहत नाही.

जुना_पाना

वाचतोय सगळं. थोडं अवांतर, मग कामाचं.

आताच्या पोरांना २९ म्हणजे नवलाई वाटते. दूधवाल्यांची ती काळी रॉड ब्रेकवाली सायकल आठवतेय का? तिच्या २८ × १½ टायरची रिम ६३५ मिमीची, म्हणजे २९ च्या रिमपेक्षा १३ मिमी मोठी. टायर बारीक म्हणून सगळं चाक धरलं तर थोडं लहान भरतं, इतकंच. आणि "२२ इंची सायकल" म्हणायचे ते फ्रेमचं माप, चाकाचं नव्हे. आम्ही त्या दांडीखालून पाय घालूनच शिकलो. तिला वळवायचं तर अख्खं अंगण लागायचं, पण कच्च्या रस्त्यावर दोन कॅन दूध लावून कशी डुलत निघायची!

आता कामाचं. २६ ची ट्यूब कुठल्याही गावात मिळते. २९ ची नाही मिळाली तर ७०० सी या मापाची रुंद ट्यूब चालते, दोन्हींचं माप ६२२ च. २७.५ ला मात्र आडगावात अडतं. अशा वेळी २६ ची ट्यूब थोडी ताणून २७.५ मध्ये बसवता येते. मी कैक गिऱ्हाइकांना तशी घालून घरी पाठवलंय. उलटा प्रकार, म्हणजे मोठी ट्यूब लहान चाकात, करू नका. घडी पडते आणि तिथेच फुटते.

आणि २६ लिहिलेला दिसला म्हणून टायर उचलू नका. साध्या सायकलचा २६ × १⅜ टायर ५९० मिमीचा असतो, एमटीबीच्या रिमवर तो बसणार नाही. टायरच्या कडेला ५५९ कोरलेलं वाचायचं, मग पैसे द्यायचे.

पावशेर

जुना_पाना काकांना दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

रानवाट

निशिगंध, वरचे सगळे सल्लागार साडेपाच फुटांच्या वरचे आहेत असं वाचताना वाटतंय, म्हणून मध्ये पडते. मी ५ फूट १.

मैत्रीण परदेशात गेली तेव्हा तिची २९, लहान फ्रेमची, माझ्याकडे होती. सरळ रस्त्यावर झकास. त्रास दुसरीकडे. कमी वेगात वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला घासायचं. चढावर दोनदा तोल जाता जाता वाचला तो यानेच. तीव्र उतारावर आपण सीटच्या मागे सरकतो ना, तेव्हा मागचा टायर थेट पँटला लागायचा. अजिंक्यताऱ्यावरून उतरून घरी आले की मागे मातीचा हा एवढा पट्टा. आईने विचारलं, घसरगुंडी खेळून आलीस का.

तिसरं म्हणजे हँडल. चाक उंच म्हणून हँडल उंच, आणि चढ तीव्र झाला की पुढचं चाक जमीन सोडू बघतं. त्यावर उपाय आहे: स्टेम (हँडल धरणारा तुकडा) याच्या खालचे स्पेसर, म्हणजे कड्या, काढा, स्टेम उलटा बसवा. मी केला आणि फरक पडला. पण बुटाच्या आणि पँटच्या त्रासाला उपाय नाही, ती फ्रेमची भूमिती आहे.

शेवटी २७.५ घेतली. ट्रेक कंपनीच्या मार्लिन सायकलीत कंपनीच लहान फ्रेमला २७.५ आणि मोठ्या फ्रेमला २९ देते, ते उगाच नाही.

माहुलीकर

पण मग शर्यतीत सगळे २९ च का वापरतात? काही तरी असेलच ना.

गादीवरचा_स्वार

माहुलीकर, विषय काढलाच आहात तर ऐका. (मी स्वतः फार चालवत नाही, बघतो मात्र सगळं.)

२६ हे माप डोंगरासाठी म्हणून कोणी अभ्यास करून काढलेलं नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली मंडळी जुन्या श्विन कंपनीच्या सायकली डोंगरावर न्यायची आणि खाली सोडायची. १९७६ पासून त्यांची रीपॅक नावाची शर्यत चालायची. एका उतारात मागच्या हबच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, त्यावरून ते नाव. त्या सायकलींना जाड टायर होते आणि ते २६ चे होते. विषय संपला, एमटीबी २६ ची झाली. २९ साठी खरा जाड टायर यायला १९९९ उजाडलं, डब्ल्यूटीबी कंपनीचा नॅनोरॅप्टर. रीपॅकवाल्यांपैकीच गॅरी फिशर याने मग २९ उचलून धरली.

आता तुमची शर्यत. २०१२ चं लंडन ऑलिंपिक. चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी २९ वर, स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर २७.५ वर. दोघं शेवटपर्यंत एकमेकांना चिकटून, आणि कुल्हावीने सुवर्ण नेलं एका सेकंदाने. शुर्टरची उंची १७३ सेमी, तेव्हा त्याला २७.५ च सोयीची वाटत होती. पुढे तोही २९ वर गेला. तेव्हा क्रॉसकंट्रीपुरतं (चढ-उतार मिसळलेल्या शर्यतींपुरतं) तुमचं म्हणणं खरं. पण ती मंडळी घड्याळासाठी चालवतात. निशिगंध यांनी पहिल्याच पोस्टीत लिहिलंय, शर्यत नको.

माहुलीकर

एका सेकंदाने का होईना, जिंकली ती २९ च. :D

पावशेर

पुढे २९ आणि मागे २७.५ लावा, दोन्ही पार्ट्या खूश.

गादीवरचा_स्वार

चेष्टेत बोललात, पण तसं खरंच करतात. त्याला मलेट म्हणतात. डाउनहिल (नुसत्या उताराच्या) शर्यतींत २०१९ पासून यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने दोन वेगळ्या मापांची चाकं लावायला परवानगी दिली. पुढचं मोठं चाक दगडांवरून जातं, मागचं लहान चाक वळणात पटकन आत येतं, आणि रानवाट यांची पँटही वाचते. मोटोक्रॉसच्या गाड्यांना तर कधीपासून पुढे २१ आणि मागे १९ किंवा १८ असतंच.

कृष्णाकाठ

आमच्याकडं ट्रॅक्टरला बरोबर उलटं असतं आणि ऊस तरी कारखान्यात पोचतोच की लगा.

सडाफटिंग

तो ट्रॅक्टर त्या ढोरवाटेने उतरवून दाखवा, मग बोलू.

जुना_पाना

पोरांनो, हा मलेटचा उद्योग घरी करू नका. २९ साठी केलेल्या फ्रेममध्ये मागे २७.५ टाकलं की मागचा एक्सल (चाकाचा आस) १९ मिमी खाली येतो आणि क्रँक (पेडलचा दांडा) दहा-बारा मिमी. जांभ्यावर पेडल आपटायला तेवढं पुरतं. तशी सायकल हवी तर तशीच बनवलेली घ्यायची, आणि ती साठ हजारांत येत नाही.

यवतेश्वरी

कासचं नाव आलंय म्हणून एक विनंती. रस्त्यावर कितीही चालवा, फुलांच्या सड्यावर सायकल घालू नका. कातळावरची माती बोटभर जाडीची असते, एकदा चाकोरी पडली की पावसाचं पाणी तिथूनच वाहायला लागतं. हा भाग २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. गेल्या हंगामात टायरचे ठसे बघून फार चिडचिड झाली होती.

सडाफटिंग

शंभर टक्के अनुमोदन. पवनचक्क्यांचे रस्ते आहेत ना ढिगाने.

निशिगंध

सगळ्यांचे आभार, यवतेश्वरी यांना विशेष. मी रस्ता सोडत नाही, निश्चिंत असा.

एक कळलं नाही. २९ वळवायला जड का वाटते? चाकाच्या वजनानेच का?

मोजपट्टी

वजन थोडं, घूर्णनाचा जोर थोडा. मोठा भाग वेगळाच आहे. चिमट्याची तिरपी रेघ खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे लागते, त्या बिंदूच्या थोडं मागे टायर टेकलेला असतो. त्या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल जास्त असेल तर सायकल सरळ जायला बघते आणि वळवायला हट्टी होते.

हेड अँगल (त्या तिरप्या रेघेचा जमिनीशी कोन) ६९ अंश आणि चिमट्याचा ऑफसेट (त्या रेघेपासून चाकाचा आस जितका पुढे असतो ते अंतर) ४० मिमी धरा. २६ वर ट्रेल येतो ८५ मिमी. तोच चिमटा आणि तोच कोन ठेवून २९ चं चाक लावलं की ९७. सुरुवातीच्या २९ वाल्या सायकलींना लोक बोजड म्हणायचे त्यामागे हेच होतं. मग कंपन्यांनी ऑफसेट ५१ मिमीपर्यंत वाढवला. गणित करून बघा, ट्रेल परत ८५ वर येतो.

त्यामुळे त्या सुरुवातीच्या काळातली २९ चालवून कोणी मत बनवलं असेल तर ते आजच्या सायकलला लागू पडेलच असं नाही. एक उरतं. मोठी चाकं मावायला दोन्ही एक्सलमधलं अंतर वाढतं, आणि आखूड वळणात ते लपत नाही. सडाफटिंग यांची करवंदीची जाळी तिथून येते.

सडाफटिंग

शेवटी माझं काही तरी गणितात बसलं म्हणायचं!

धापा_टाकीत

अवांतर: घाट उतरल्यावर मिसळ कुठे चांगली?

पावशेर

त्यावर वेगळा धागा आहे, दोनशे प्रतिसाद झालेत आणि अजून कोणाचं एकमत नाही. तिकडे जा.

निशिगंध

काल उरमोडीच्या काठाला दोन्ही चालवून बघितल्या. सहकाऱ्याची २९ आणि रानवाट यांनी प्रेमाने दिलेली त्यांची २७.५. मोजपट्टी यांच्या धाकाने दोन्हींत गेज लावून २८ पीएसआय हवा भरली. टायर दोन्हींचे २.२५ चे.

सुट्या दगडांच्या सरळ पट्ट्यावर २९ ऐकत नाही, हे मान्यच करायला हवं. ब्रेक सोडले आणि ती आपली आपण निघाली. माहुलीकर, तुमच्यासाठी आवर्जून लिहितेय. पण बैलगाडीच्या वाटेवर शेताच्या बांधाशी एक काटकोनी वळण आहे, लगेच छोटा चढ. तिथे २९ वर प्रत्येक वेळी पाय टेकावा लागला. एकदा बूट टायरला लागला, तोही रानवाट यांनी सांगितलं तस्साच. २७.५ वर पाय टेकावा लागला नाही. फ्रेमवर उभं राहिल्यावर दांडी आणि माझ्यामध्ये चांगली जागा राहते हेही बघितलं.

त्यामुळे २७.५. फ्रेममध्ये २.४ चा टायर मावतो असं दुकानदार म्हणतोय, बोट घालून तपासीन.

माहुलीकर

माझं मत बदललं नाही. २.४ चा टायर लावून २९ एवढं चाक करायचं, तर २९ च का नको?

मोजपट्टी

२.४ लावूनही त्रिज्या ३५३ मिमीच्या आसपासच भरते. २९ ला २.१ लावला तरी ३६४. नाही पोचत.

रानवाट

आणि फ्रेम तिच्या मापाची राहते, ते वेगळंच. अभिनंदन गं! सायकल परत करताना धुऊन दिलीस, असे लोक कमी राहिलेत.

निशिगंध

शेवटचा प्रश्न. बाभळीचे काटे. ट्यूबलेस करून घेऊ का? २८ पीएसआयवर ट्यूब दगडाला चेमटते असं ऐकलंय.

जुना_पाना

रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचे असतील तर करा. तुमच्या वजनाला मग बावीस-चोवीस पीएसआयवरही चालेल, आणि जांभ्यावर त्याचाच खरा आराम. सीलंट (भोक बुजवणारा आतला द्रव) आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं. दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून आत पातळ काडी घालून बघा, ओली निघाली तर ठीक. काटा घुसलेला दिसला तर रस्त्यात उपटू नका, तसाच घरी आणा, मग काढून चाक फिरवा. एक ट्यूब आणि दोन टायर लिव्हर मात्र पिशवीत कायम. सीलंटने न भरणारा चिरा एखाद दिवशी पडतोच, आणि तो बामणोलीच्या अलीकडे पडतो.